विद्यापीठाच्या दप्तरखान्यात पहिलं वर्ष

नेमणुकीच्या आदेशावर 'अभिलेखपाल' असं छापलेलं असतं आणि घरातून पहिला प्रश्न येतो, "म्हणजे नक्की करायचं काय?" माझ्या आईने शेजाऱ्यांना 'युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत लागला' असं सांगून विषय संपवला होता. आज इतक्या वर्षांनीही ती तेच सांगते. मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

पण तुम्ही नव्याने या कामाला लागणार असाल, तर ग्रंथालय आणि अभिलेखागार, म्हणजे संस्थेचे जुने कागद जपायची जागा, यांतला फरक पहिल्याच दिवशी डोक्यात बसवून घ्या. ग्रंथालयातलं पुस्तक हरवलं तर त्याची दुसरी प्रत कुठेतरी मिळते. आपल्याकडची नस्ती, म्हणजे फाइल, हरवली की ती गोष्ट घडलीच नव्हती असं होतं. आणि पुस्तक एकटं उभं राहू शकतं, आपल्या कागदाला मात्र शेजार लागतो. तो कुठल्या कचेरीतून आला, त्याच्या आधी काय होतं, नंतर काय, हे माहीत नसेल तर त्याची किंमत रद्दीपेक्षा फार जास्त नाही.

पहिला आठवडा: हात मागे बांधून फिरा

नवा माणूस आला की त्याला आवरायची घाई होते. आवरू नका. आठवडाभर नुसतं फिरा. खोलीचा एक साधा नकाशा काढा: कपाटं कुठे, खिडक्या कुठे, पाण्याची पाइपलाइन कुठून जाते, भिंतीला ओल कुठे आहे, छताला डाग कुठे आहेत. वरच्या मजल्यावर स्वच्छतागृह असेल तर ते नेमकं कुठल्या कपाटाच्या डोक्यावर येतं, हेही त्यात लिहा. किल्ल्या मोजा. बहुतेक जागी एक कपाट असं असतं की त्याची किल्ली कुणाकडेच नसते आणि ते उघडायचं धाडस कुणी केलेलं नसतं.

मग दाखल नोंदवही मागा. काय, कधी, कुणाकडून आलं हे तिच्यात असायला हवं. नसेल तर खचून जाऊ नका. त्याऐवजी सगळ्यांत जुन्या शिपाईमामांना चहा पाजा. आमच्याकडच्या मामांना कुठला गठ्ठा कुठल्या साली, कुठल्या साहेबाच्या बदलीच्या वेळी खाली आला, हे तोंडपाठ होतं. ते निवृत्त होण्याआधी मी दोन दुपारी त्यांच्यासोबत कपाटामागून कपाट फिरलो आणि ते सांगतील ते वहीत उतरवून घेतलं. तारीख टाकली, खाली त्यांची सही घेतली. आमच्या अभिलेखागारातला सगळ्यांत उपयोगी दस्तऐवज आजही तीच वही आहे.

याच आठवड्यात दोन कायदे वाचून काढा: महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आणि त्याच वर्षीचा माहितीचा अधिकार अधिनियम. दुसऱ्याच्या कलम ४ चं पहिलंच पोटकलम सांगतं की सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचीबद्ध करून, अनुक्रमणिका लावून ठेवले पाहिजेत. लेखा विभाग कपाटांसाठी पैसे नाकारतो तेव्हा टिपणीत हे कलम टाकायचं. चालतं, स्वानुभव आहे.

दुसरी पायरी: क्रम मोडू नका

आता माझी चूक ऐका, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. रुजू होऊन दोन महिने झाले असतील. एका निवृत्त अधिकाऱ्याच्या कपाटातले पंधरा-सोळा गठ्ठे आमच्याकडे आले. आत सगळी सरमिसळ: एका पत्राला वसतिगृहाच्या बांधकामाची निविदा टाचलेली, तिच्याखाली विद्यार्थ्यांचा एक अर्ज, त्याखाली वर्तमानपत्राचं कात्रण. मला वाटलं, गोंधळ आहे. तीन आठवडे खपून मी सगळं तारखेप्रमाणे लावलं. निविदा एकीकडे, अर्ज एकीकडे, कात्रणं तिसरीकडे. स्वतःवर खूश होतो.

पुढे एक संशोधक बाई वसतिगृहाच्या आंदोलनावर काम करायला आल्या. त्यांनी विचारलं, "हा अर्ज आला त्या वेळी साहेबांसमोर कुठले कागद होते?" उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते त्या टाचणीत होतं. मी टाचणीही काढली होती आणि शेजारही. अर्ज आला, म्हणून साहेबांनी निविदा काढून पाहिली, आणि कात्रण आलं तेव्हा दोन्ही पुन्हा वर आले, ही सगळी हकिकत त्या 'गोंधळा'त बसलेली होती.

अभिलेखशास्त्राची दोन मूळ तत्त्वं आहेत. एका कचेरीचे किंवा एका माणसाचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळायचे नाहीत. आणि त्यांचा जो क्रम त्या कचेरीने लावला तो आपण बदलायचा नाही. ही तत्त्वं १८९८ साली तीन डच अभिलेखपालांनी एका पुस्तकात नियमांच्या रूपात मांडली आणि ती आजवर टिकली. विषयानुसार शोधायची सोय हवी ना? ती यादीत करा, संगणकावर करा. कपाटात नको.

तिसरी पायरी: एक गठ्ठा उघडून पाहू

रुमाल म्हणजे आपल्याकडे दप्तर बांधायचं चौकोनी कापड, बहुधा लाल किंवा मांजरपाटाचं. तो उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा: गाठ कशी आहे, वर चिठ्ठी आहे का, ती कुठल्या बाजूला आहे. टेबलावर स्वच्छ पांढरा कागद अंथरा. पंखा बंद. मास्क लावा, आणि साधा कापडी नको. जुन्या धुळीत बुरशीचे कण असतात. माझ्या सोबतच्या एका सहकाऱ्याला दम्याची औषधं सुरू झाली ती याच हलगर्जीपणातून.

हात धुऊन कोरडे करा. कागदासाठी हातमोजे घालू नका. मोज्यात बोटांना अंदाज राहत नाही आणि जीर्ण कडा फाटते. मोजे फोटोंसाठी आणि निगेटिव्हसाठी ठेवा.

गाठ सोडली की वरचा कागद उचलू नका, आधी कडेने बघा. कागदांचे थर दिसतात: कुठे जाड, कुठे पातळ, कुठे रंग बदलतो. बहुतेक वेळा तिथेच एक प्रकरण संपून दुसरं सुरू झालेलं असतं. मऊ, रुंद ब्रशने मधून कडेकडे धूळ झाडा. गंजलेली टाचणी ओढायची नाही. तिच्या दोन्ही बाजूंना जाड प्लॅस्टिकची पट्टी सरकवून हळूच सोडवायची, आणि एकत्र टाचलेले कागद एकाच घडीच्या कागदात एकत्रच ठेवायचे. चिकटपट्टी लावलेली असेल तर हात लावू नका. ती संवर्धकाची, म्हणजे जुने कागद दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाची बाब आहे. आणि तुम्ही स्वतः फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावणार असाल तर कृपया दुसरी नोकरी बघा. दुरुस्ती व्हायची ती जपानी टिश्यू कागद आणि गव्हाची पातळ खळ वापरून होते, कारण उद्या ती पाण्याने सोडवता येते.

मग पानं मोजा. पेन्सिलने, वरच्या कोपऱ्यात, बारीक आकडा. पेन या खोलीत नसतंच, वाचकाकडेही नाही आणि कुलगुरूंकडेही नाही. आमच्याकडे दारात पेन्सिलींचा पेला ठेवलाय आणि शेजारी पेनांसाठी ट्रे.

यादीच्या एका नोंदीत एवढं पुरे: कुणाचे कागद, कशाबद्दल, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, किती पानं, भाषा आणि लिपी, अवस्था कशी, कुठल्या कपाटात. सुरुवातीला पानापानाची यादी करायला बसू नका. मी बसलो होतो. वर्षभरात दोन कपाटं झाली आणि बाकीच्या चाळीस कपाटांत काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. आधी सगळ्या खोलीची गठ्ठ्यागणिक ढोबळ यादी, मग ज्याला मागणी येईल त्याची बारीक.

मोडी समोर आली तर

विद्यापीठाचं दप्तर बहुतांशी इंग्रजी आणि मराठी, पण देणगीत आलेल्या घराण्यांच्या कागदांत मोडी हमखास निघते. डेक्कन कॉलेजचं मराठा इतिहास संग्रहालय इतिहाससंशोधक द. ब. पारसनीसांनी साताऱ्यात जमवलेल्या संग्रहातून उभं राहिलं. तो संग्रह १९३९ मध्ये पुण्यात आला. असे मोठे संग्रह सगळ्यांच्या वाट्याला येत नाहीत, पण एखादी ट्रंक येतेच. मोडी शिकून घ्या. पुराभिलेख संचालनालयाचे वर्ग असतात, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. सहा महिने रोज अर्धा तास दिलात तर पत्राचा मायना आणि तारीख लागू लागते.

तारीख लागणं महत्त्वाचं, आणि ती सरळ लिहिलेली नसते. पेशवेकालीन पत्रात 'सन इहिदे सितैन मया व अलफ' असं दिसेल. हे अरबी आकडे: इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झाले ११६१. हे शुहूर सन, म्हणजे त्या काळच्या कागदांतली वर्षगणना, मृगापासून सुरू होतं. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतची तारीख असेल तर ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतची असेल तर ६००. म्हणजे हे वर्ष १७६०-६१ आणि पत्र जानेवारीतलं असेल तर पानिपतच्या आसपासचं. तारखेत 'छ' आणि एक आकडा दिसला तर तो चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्याची तिथी. हे कोष्टक छापून टेबलाच्या काचेखाली ठेवा.

एक धोका सांगून ठेवतो. मोडी कागदांची शाई बऱ्याचदा काजळाची असते आणि तिला पाणी लागलं तर ती पसरू शकते. ओल्या फडक्याने 'जरा पुसून घ्या' म्हणणाऱ्या सफाई कर्मचाऱ्यांना हे आधीच समजावून ठेवा. प्रेमाने, कारण पावसाळ्यात वेळेवर धावून येणारे तेच असतात.

काय ठेवायचं, काय सोडायचं

सरकारी कचेऱ्यांत सहा गठ्ठे पद्धत, म्हणजे कागद सहा प्रकारांत वेगळे बांधायची रीत चालते. त्यातला पाचवा गठ्ठा अभिलेख कक्षात पाठवायचा, सहावा नष्ट करायचा. कागदांची वर्गवारीही ठरलेली: 'अ' म्हणजे कायम, 'ड' म्हणजे वर्षभरात निकाली. विद्यापीठातही थोड्याफार फरकाने हेच. प्रत्यक्षात काय होतं? विभागाला नवीन संगणक ठेवायला जागा हवी असते, मार्चअखेर आलेली असते आणि सहाही गठ्ठे एकाच टेम्पोत बसतात.

म्हणून निंदणीकरणाच्या, म्हणजे नको असलेले कागद निवडून काढायच्या समितीवर स्वतःचं नाव घालून घ्या. हे काम कंटाळवाणं आहे, त्यामुळे कुणी आडवं येणार नाही. विभागाचं 'नष्ट करावे' असं लिहिलेलं सगळं ठेवायचा हट्ट धरू नका. जागा खरोखरच नसते, आणि बिलांच्या तिसऱ्या प्रती कुणालाही नको असतात. पण सभांची इतिवृत्तं, निकालांची लेजर, वसतिगृहांची रजिस्टरं, विद्यार्थी परिषदेची पत्रकं, इमारतींचे नकाशे, नाकारलेल्या प्रस्तावांच्या नस्त्या यांच्यासाठी भांडा. नाकारलेल्या प्रस्तावांवर जरा जास्तच. संस्थेने काय केलं हे वार्षिक अहवालात छापून येतं. काय करायचं टाळलं, ते फक्त तिथे सापडतं.

साध्या प्रशासकीय फाइलचं काय होऊ शकतं याचं माझं आवडतं उदाहरण लंडनचं आहे. बाबासाहेब आंबेडकर १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, शिष्यवृत्ती संपल्याने परतले, १९२० मध्ये पुन्हा गेले. त्या काळात तिथल्या कार्यालयाने इतर कुठल्याही विद्यार्थ्याची ठेवावी तशी त्यांची फाइल ठेवली. प्रवेशाचे कागद, शिफारशीचा पत्रव्यवहार, रोजचीच कामं. ती कुणी 'ड' वर्गात टाकली नाही, आणि आज ती त्या संस्थेच्या अभिलेखागारात आहे. आपल्या विद्यापीठातली यंदाच्या वर्षीची कुठली फाइल पुढे अशी ठरेल ते आपल्याला कळणार नाही.

घरांतून येणाऱ्या कागदांचं वेगळं. एखादे प्राध्यापक वारले की मुलं फोन करतात, "बाबांचे कागद आहेत, घेता का? फ्लॅट विकायचाय, रविवारपर्यंत." अशा वेळी जा, आणि कागद जसे मांडलेत त्याचे फोटो काढूनच खोक्यांत भरा. त्याच दिवशी साधं दानपत्र करून घ्या: काय दिलं, कुणी दिलं, वाचकांना दाखवायची परवानगी आहे का, काही काळ बंद ठेवायचं का. लक्षात ठेवा, पत्राचा कागद ज्याला पत्र आलं त्याचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा. आपल्या कायद्यात तो लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ६० वर्षं चालतो. म्हणून सरांना आलेली थोरामोठ्यांची पत्रं मुलांच्या एका सहीवर आपण छापू शकत नाही.

जून ते सप्टेंबर

पावसाळ्याचे चार महिने हे आमचं खरं वर्ष. कागदाला साधारण २२ ते २५ अंश तापमान आणि ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मुंबईच्या जुलैत ही आर्द्रता स्वप्नातच. त्यामुळे आहे त्यात काय करता येईल ते बघा. कपाटं भिंतीपासून हातभर पुढे ओढा, खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर ठेवा, आर्द्रतामापक प्रत्येक खोलीत लावा आणि रोज दोनदा आकडा लिहा. एसी दिवसा चालू, रात्री बंद, हा प्रकार एसी नसण्याहून वाईट. तापमान वर-खाली झालं की कागद आकुंचन-प्रसरण पावतो आणि कडक होऊन तुटतो. एसी चोवीस तास चालवायची परवानगी मिळत नसेल तर खिडक्या, पंखे आणि हवा कोरडी करणारं यंत्र यांवर भागवा. कसरीसाठी वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवायची जुनी रीत आहे. ठेवा, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. दर महिन्याला प्रत्येक कपाटातला एक गठ्ठा उघडून पाहणं याला पर्याय नाही.

आणि भिजलंच तर? ४८ तासांत बुरशी धरते, तेवढाच वेळ तुमच्याकडे असतो. उन्हात टाकू नका. टीपकागद मध्ये घाला, दर काही तासांनी बदला, पंख्याची हवा खोलीत खेळवा, पण थेट कागदावर मारू नका. एकमेकांना चिकटलेली पानं सोडवायला जाऊ नका. खूपच गठ्ठे भिजले असतील तर पिशव्यांत घालून शीतगृहात ठेवायचे आणि मग सवडीने थोडे थोडे वाळवायचे. जवळच्या शीतगृहवाल्याचा नंबर मे महिन्यातच घेऊन ठेवा. मी मागितला तेव्हा तो म्हणाला, "साहेब, आमच्याकडे द्राक्षं असतात." म्हटलं, असू द्या, कोपरा द्या.

दारात उभा असलेला माणूस

संशोधक कमी येतात. जास्त येतात ते आजोबांची पदवी शोधणारे. अमेरिकेतून ईमेल येतो, साताऱ्याहून काका येतात, वकील येतात. आणि दहातले चार चुकीच्या विद्यापीठात आलेले असतात. त्यांना 'आमच्याकडे नाही' एवढं सांगून पाठवणं हा गुन्हा समजा. कुठे आहे ते सांगा, आणि त्यासाठी हा नकाशा पाठ करा.

मुंबई विद्यापीठ १८५७ चं. पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली, आणि १८६२ च्या पहिल्या पदवीधरांत रानडे आणि भांडारकर होते. पुढे कित्येक दशकं मॅट्रिकची परीक्षा विद्यापीठच घेई आणि त्याचा पसारा सिंधपासून धारवाडपर्यंत होता. म्हणजे पणजोबा १९२० साली पुण्यात फर्ग्युसनमधून बी.ए. झाले असतील तर त्यांची नोंद मुंबईची. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये आलं. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजमधून १९५५ साली पदवी घेतली असेल तर ती पुण्याची, कारण शिवाजी विद्यापीठ १९६२ चं. त्याचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार स्वतः इतिहासकार होते आणि त्यांनी ताराबाईकालीन कागदपत्रांचं संपादन केलं, हे जाता जाता. नागपूर विद्यापीठ १९२३ चं. त्याआधीच्या नागपूरकरांसाठी कलकत्ता आणि अलाहाबाद. मराठवाड्यातल्या माणसाला १९५८ च्या आधीच्या शिक्षणासाठी हैदराबादच्या उस्मानियाकडे पाठवा, आणि त्या दप्तरात उर्दू वाचणारा सोबत न्यायला सांगा. गोव्याचं विद्यापीठ १९८५ चं. मुक्तीनंतर निघालेली तिथली महाविद्यालयं तोवर मुंबईला जोडलेली होती.

मग नावाचा घोळ. जुन्या याद्यांत नाव कधी आडनावाने लागतं, कधी पहिल्या नावाने. आजीचं माहेरचं नाव विचारा, कारण लेजरमध्ये तेच असणार. इंग्रजी स्पेलिंग कारकुनाच्या मर्जीवर असे. मुंबई विद्यापीठाची छापील वार्षिक कॅलेंडरं आधी चाळा, पदवीधरांच्या याद्या त्यांत असतात. लेजर बाहेर काढायची वेळ कमी येते आणि तेवढाच त्याचा कणा वाचतो.

एकदा एक बाई सोलापूरहून आजीची मॅट्रिक शोधत आल्या. आजी आयुष्यभर सांगत असे, "मी मॅट्रिक पास आहे", आणि घरात कुणाचा विश्वास नव्हता. छापील यादीत नाव सापडलं, माहेरच्या आडनावाने. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं, फोटो काढू का. या कामाचा पगार बेताचा आहे हे मी तुमच्यापासून लपवणार नाही, पण अशा दुपारी वर्षातून चार-पाच येतात.

प्रत्येक चौकशी एका वहीत लिहा: कोण, काय विचारलं, काय सापडलं, काय नाही. वर्षअखेर ही वही वाचली की कुठल्या कपाटाची बारीक यादी आधी करायची आणि कशाचं स्कॅनिंग करायचं, ते आपोआप कळतं. स्कॅनिंगबद्दल थोडक्यात: ३०० ते ४०० डीपीआय, मूळ प्रत टिफमध्ये, वाचकाला जेपेग, तीन जागी तीन प्रती, आणि फाइलचं नाव कपाट-गठ्ठा-पान या क्रमाने. 'न्यू फोल्डर २' नावाच्या फोल्डरांचं पीक आमच्याकडे अजून उपटतोय.

लोकांपर्यंत जायचं कसं

अनेक अभिलेखपालांना हा भाग नंतरचा वाटतो: आधी यादी पूर्ण करू, मग प्रदर्शनं. यादी कधीच पूर्ण होत नाही. आणि जी खोली कुणी मागत नाही, तिच्यावर प्रत्येक नव्या अधिकाऱ्याची नजर असते: 'इथे छान परिषद कक्ष होईल.' आमची खोली एकदा जाता जाता राहिली. आदल्या महिन्यात इतिहासाच्या एम.ए.च्या मुलांनी तिथे काम केल्याची नोंद आणि त्यांच्या सह्या मी दाखवू शकलो, म्हणून राहिली.

पहिला प्रयोग वर्गाचा करा, प्रदर्शनाचा नको. इतिहासाच्या प्राध्यापकांना विचारा, एक तास द्या. वीस मुलं, पाच टेबलं, प्रत्येक टेबलावर एकच कागद आणि तीन प्रश्न: हा कुणी लिहिला, कुणासाठी, आणि यात काय सांगितलेलं नाही? मी आणतो तो १९५०-६० च्या दशकांतल्या वसतिगृहाच्या भोजनालयाच्या तक्रारींचा रजिस्टर. 'आमटीत मीठ नाही' पासून सुरू होतं आणि कोण कुठल्या पंगतीला बसतं यापर्यंत पोचतं. मुलं आधी हसतात, मग गप्प होतात, मग प्रश्न विचारतात. इतिहासाच्याच नव्हे, रसायनशास्त्राच्या मुलांनाही बोलवा. जुन्या प्रश्नपत्रिका दाखवल्या की ती हटत नाहीत.

समाजमाध्यमांवर आठवड्याला एकच गोष्ट टाका: एक फोटो, पाच ओळी, शेवटी अभिलेखाचा क्रमांक. 'आजचा दिनविशेष' टाकत बसू नका, तो सगळ्यांच्याच व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. आणि टाकण्याआधी हे बघा: कुणाचे गुण, जात, उत्पन्नाचा दाखला, आजारपणाचं प्रमाणपत्र त्यात दिसतंय का? माणूस हयात असेल किंवा असू शकेल तर नको. मोठ्या माणसाचे गणितातले कमी गुण व्हायरल करायचा मोह होतो. आवरा.

प्रदर्शनाचा मुहूर्तही विचारपूर्वक निवडा. आंतरराष्ट्रीय अभिलेखागार दिन ९ जूनला असतो, आणि त्या दिवशी आपल्या आवारात प्रवेशाच्या रांगा सोडल्या तर कुणी नसतं. विद्यापीठाचा वर्धापन दिन किंवा पदवीदानाचा दिवस धरा. त्या दिवशी पालक येतात, माजी विद्यार्थी येतात, वेळ घालवायला जागा शोधत असतात. मूळ कागद मांडू नका, चांगल्या रंगीत प्रती मांडा. मूळ एखादाच, काचेखाली, मंद उजेडात, आणि संध्याकाळी मोजून परत. मांडणीत कुलगुरूंच्या तसबिरी कमी आणि बसच्या पासाचे, कॅन्टीनच्या दरपत्रकाचे, खेळाच्या चमूचे कागद जास्त ठेवा. दरपत्रकापुढे जेवढी गर्दी होते तेवढी माझ्या मेहनतीच्या सनावळीपुढे कधी झाली नाही. वाईट वाटायचं, आता नाही वाटत.

एक टेबल मोकळं ठेवा आणि वर पाटी लावा: 'यांना ओळखता का?' त्यावर नाव नसलेल्या फोटोंच्या झेरॉक्स आणि पेन्सिली. गेल्या खेपेला भोजनालयातल्या कर्मचाऱ्यांचा एक गटफोटो ठेवला होता, चौदा जण, मागे फक्त साल. दुपारी काठी टेकत एक आजोबा आले, नातीच्या पदवीदानासाठी. फोटोपुढे थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हा मी." मग झेरॉक्सवर एकेका डोक्याला आकडा घालत त्यांनी अकरा नावं लिहिली, कोण भाकऱ्या करायचं, कोण ताटं वाढायचं, तेही. तिघं राहिले. त्यातला एक लातूरकडचा होता एवढंच त्यांना आठवत होतं. आजोबांचा फोन नंबर दाखल नोंदवहीत आहे, मुलाखतीची वेळ ठरलीय, आणि ती झेरॉक्स पुढच्या वर्धापन दिनाला पुन्हा त्याच टेबलावर जाणार आहे.